वाळूतले मासे

मुलाने सदऱ्याची बाही कोपराच्या वर दुमडली आणि टाकीचं झाकण उचललं. "आई, तू तिकडे खुर्चीवर बस. पाणी उडेल."

आई बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. टाकीत मासे नव्हते, आणि ही गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती.

होते तेव्हाही ते कुणाला फारसे दिसत नसत. लोच म्हणजे करंगळीएवढे, अंगावर पट्टे आणि तोंडाला मिशा असलेले मासे. दिवसभर वाळूत घुसून बसायचे आणि दिवा मालवला की हिंडायला निघायचे. आलेगेले विचारायचे, "मासे कुठंयत हो?" तिच्या नवऱ्याने चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात आयुष्य घालवलं होतं. टाकीही त्यानेच जोडलेली. तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आहेत घरातच, पण कुणाला भेटत नाहीत."

तो गेला, मासे मागे राहिले. गेल्या थंडीत तेही एकेक करून गेले. शेवटचा तिने बाल्कनीतल्या कुंडीत पुरला. हात धुते न धुते तोच मुलीचा फोन आला. "मासे बरे आहेत ना गं?"

"मजेत आहेत," आई बोलून गेली.

बोलून गेली, आणि तेच पुढे कामी आलं. न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं तेव्हा मुलीने फर्मान काढलं: आता एकटीने राहायचं नाही, धाकट्याकडे जायचं. मुलीपुढे घरात कुणाचं चालत नसे. आईने मासे पुढे केले. "त्यांना नवं पाणी सोसत नाही. तुमच्या बाबांचे मासे माझ्या हातून मरायला नकोत." बाबांचं नाव निघाल्यावर दोघांनीही विषय सोडला.

मुलाच्या घरी ती चार दिवस राहायला गेली की तिला कुणी वाकडा शब्द बोलत नसे. सून गुणी होती. पण भाजी निवडायला घेतली की "तुम्ही बसा", कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या की "तुम्ही बसा". बसून बसून कंबर धरायची. इथे आपल्या घरी दाराची कडी ती स्वतः लावायची आणि स्वतःच काढायची. तिला तेवढंच हवं होतं.

आता तेही कारण उरलं नव्हतं. मुलाने आपल्या घरी दुप्पट मोठी टाकी बसवली होती, पाणी आधीच भरून ठेवलं होतं, झाकणाची बादली बरोबर आणली होती. दोघं भावंडं संध्याकाळी येणार म्हणाली होती, पण सकाळीच दारात हजर झाली.

मुलगी स्वयंपाकघरात डबे खोक्यात भरत होती. "अरे, सापडले का?" तिने आतून विचारलं.

"थांब गं ताई, आत्ताच हात घातलाय."

"जाळी वापरू नकोस हं. त्यांच्या डोळ्याखालचा काटा अडकतो. बाबा ओरडायचे."

"तुलाच ओरडायचे. मी कधी जाळी धरली?"

त्याने दगड उचलले, पोकळ लाकूड उलटं केलं, बोटांनी वाळू चाळली. पाणी गढूळलं. मग त्याचा हात थांबला.

काचेला आतून गोगलगायी चिकटल्या होत्या. मुगाच्या दाण्याएवढ्या, पाणवनस्पतींबरोबर येतात त्या. आई रोज दुपारी त्या वेचून टाकायची. आज तेवढी सवड मिळाली नव्हती. या घरात वाढलेल्या दोन्ही मुलांना पक्कं माहीत होतं, लोच असलेल्या टाकीत गोगलगाय औषधालाही उरत नाही. ते तिला कवचातून ओढून खातात.

मुलाने वळून आईकडे पाहिलं.

"अरे..." आई म्हणाली.

स्वयंपाकघरातून पावलं वाजली. मुलगी पदराला हात पुसत येत होती. मुलाने पुन्हा हात पाण्यात घातला आणि फळा पुसावा तसा तळवा काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग मूठ मिटून हात बाहेर काढला.

"काय रे, आहेत ना?" मुलगी काचेला नाक लावून वाकली. काच स्वच्छ होती.

"आहेत. खोल घुसलेत. ओढून काढले तर हातातच जातील."

"मग तिकडची टाकी?"

"पोरांना दुसरे मासे आणू. हे राहू देत इथेच. आईपण."

"आणि परत पडली म्हणजे?"

"न्हाणीघरात धरायला दांडा बसवतो. रोज कामावरून येताना डोकावून जाईन."

मुलगी भावाकडे बघत राहिली. "मघाशीच सांगायचं होतंस. सगळे डबे भरून झाले माझे," ती म्हणाली आणि कुरकुरत ते परत काढायला आत गेली.

आईने दोरीवरचा टॉवेल ओढून पुढे केला. मुलाने तो डाव्या हाताने घेतला. उजव्या मुठीतून पाणी टपकत होतं, पण ती मूठ त्याने उघडली नाही.