वीस इंचांचं पाऊल

“हे माझं दुकान?” हार्डवेअरवाल्या शेटजींनी नकाशावर बोट ठेवलं, चष्मा वर केला, खाली केला आणि शाळेच्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सात चौकोन? आणि समोरच्या टेलरचं सहा? अहो, माझ्या दुकानात त्याची दोन दुकानं मावतील!”

नकाशा सातवीच्या वर्गानं केला होता. शाळेसमोरचा बाजाररस्ता, दुकानन् दुकान, भिंतभर कागदावर. तीन आठवडे पोरं त्यासाठी राबली होती. आज दुकानदार आणि पालक तो बघायला आले होते. सगळ्यांना पटला तर वर्षभर तो वाचनालयाच्या भिंतीवर लागणार होता.

मुंगी पोरांच्या मागे सरकली. मुंगी म्हणजे त्याच टेलरची मुलगी, वर्गातली सगळ्यात बुटकी. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं, रस्ता पावलांनी मोजा, एक पाऊल म्हणजे एक चौकोन. कुणाच्या पावलांनी, ते काही त्या बोलल्या नाहीत. उजवी बाजू मोजली वर्गातल्या सगळ्यात उंच पोरानं, खांबानं. हा पोरगा वर्गात शिरतानाही दाराची चौकट सांभाळून वाकतो. डावी मोजली मुंगीनं. मग काय व्हायचं? डावी बाजू वाढत गेली ती थांबेचना! खाली जादा कागद चिकटवला, तरी दोन्ही टोकं जुळेनात. शेवटी पोरांनी रस्त्याला खुशाल एक वळण देऊन टाकलं.

“आणि हे वळण कुठून आलं?” औषधाच्या दुकानातल्या काकूंनी विचारलं. “तीस वर्षं मी त्या रस्त्यावर बसतेय. सरळसोट आहे तो.”

“थोडंसंच आहे, काकू,” खांब म्हणाला. हॉलभर हशा पिकला.

मुंगीला हसू येईना. वर्गाचं काम माझ्यामुळे पाण्यात गेलं, हे एक होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे बाबा आत्ता कुठल्याही क्षणी येणार होते. अर्ध्या इंचाच्या चुकीपायी रात्री जेवणावरून लक्ष उडणारा माणूस तो! त्याच्या पोरीनं त्याचंच दुकान चुकीचं मोजलं, हे त्याला भर सभेत कळणार. भिंतीत शिरता आलं असतं तर ती शिरली असती.

बाबा आलेच. दुकानातून तसेच उठून आले होते, गळ्यात टेप, शर्टाला दोऱ्याचे तुकडे.

“या, या! अभिनंदन!” शेटजींनी त्यांना नकाशासमोर ओढलं. “दुकान वाढवलंत आणि आम्हाला कळवलंही नाही?”

बाबांनी नकाशा वरपासून खालपर्यंत बघितला. बाईच ओशाळून पुढे झाल्या. “चूक माझी आहे. मीच नीट सांगितलं नाही. उतरवते मी हा. पुढच्या आठवड्यात टेपनं मोजू.” आणि त्या कोपऱ्याच्या टाचण्या काढायला लागल्या.

“थांबा, बाई.” बाबा मुंगीकडे वळले. “कशानं मोजलंस?”

“पावलांनी.” तिचा आवाज तिलाच ऐकू आला नसेल.

“कुणाच्या?”

“माझ्या.”

“चाल बघू. रोज चालतेस तशी.”

मुंगी चालली. सहा पावलं. मागोमाग बाबा गुडघ्यांवर, फरशीवर खडूनं खुणा करत. मग त्यांनी टेप लावली. “वीस,” ते म्हणाले. “वीस. वीस.” शेवटच्या खुणेपर्यंत गेले आणि तिथंच बसून राहिले. पहिल्याच फिटिंगला कोट खांद्यावर चपखल बसला की त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता.

“शेटजी, वीस सक किती?”

“एकशे वीस.”

“म्हणजे दहा फूट. माझं दुकान दहा फूट आहे. सुताचीही चूक नाही.” बाबा उठले, गुडघे झटकले. “बावीस वर्षं माप घेतोय. माझा हात इतका सारखा बसत नाही, जितकं हिचं पाऊल बसतंय. चूक कुठली आलीय? पाऊल लहान आहे, एवढंच. ते वाढेल.”

मुंगीचे कान तापले. पण लाजेनं नव्हे. तिला वाटलं, आपण चांगले वीतभर उंच झालो.

लोकांना चेवच चढला. खांबालाही चालायला लावलं. चौतीस इंच. सात पावलांचे किती, याचा हिशेब शेटजींनीच बोटांवर केला आणि दोन इंच कमी भरले म्हणून जराशी कुरकूरही केली. बाईंनी पेन काढलं आणि नकाशाच्या तळाशी लिहिलं: डावी बाजू, वीस इंची पावलं, उजवी बाजू, चौतीस इंची. टाचण्या परत जागेवर गेल्या. वाचनालयाच्या भिंतीचं नक्की झालं, तशा पोरांनी टाळ्या पिटल्या.

शेटजी मात्र नकाशासमोरून हलेनात. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. आपल्या दुकानाच्या वीस फुटांचे इंच किती, त्यात वीस किती वेळा.

“बारा!” ते एकदम ओरडले. “बाई, नकाशा राहू द्या, माझी काही हरकत नाही. फक्त माझं दुकान या पोरीकडून मोजून घ्या. आत्ताच्या आत्ता!”

मुंगीनं बाबांकडे बघितलं.

“जा,” बाबा म्हणाले. “पण शेटजी आपले आहेत म्हणून पाऊल आखडू नकोस हं.”