जांबोटीला नेलेला प्रश्न

सरका जरा जवळ. बुवा अजून फेटा बांधतायत, कीर्तन उभं राहायला वेळ आहे. तोवर खानापूरच्या भरमूअप्पांची गोष्ट ऐका.

"तु एम फेर क्वा? म्हणा, आज्जा."

"तु एम फेर कवा?"

"कवा न्हाय, क्वा! बेडकागत."

नात तेजस्वी बेळगावच्या कॉलेजात फ्रेंच शिकत होती. तिच्या पुस्तकातल्या छंदांच्या धड्यावर अप्पांनीच बोट ठेवलं होतं. 'तुला काय करायला आवडतं', एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"पण हे 'तु' म्हणजे आपलं 'तू'च. पाव्हण्यांना 'व्हू' म्हणतात."

"तूच असू दे. परकं न्हाय कोण."

तेजस्वी गालात हसली. तिचा चुलतभाऊ सौरव फ्रान्सहून गोरी बायको घेऊन आला होता. दोघं जांबोटीच्या रिसॉर्टवर उतरली होती. लग्नाच्या वेळी आज्जांनी आशीर्वादाचा साधा फोन केला नव्हता. आता मन खात असणार.

"पण हेच का विचारायचं? जेवलीस का, विचारा की."

अप्पांनी मान खाली घातली. "जेवणाचं कुणीबी इचारतं गं. आवडीचं आपल्या घरात कुणी कुणाला इचारलंय? मी तर नुसतं दुखवलं."

रविवारी आज्जा-नात बसनं निघाली. अप्पा खिडकीशी ओठ हलवत बसले होते.

"कुठलं स्तोत्र हो, आज्जा?" कंडक्टरनं विचारलं. तेजस्वीला हसू आवरेना.

जांबोटीला उतरल्यावर अप्पा रिसॉर्टचा रस्ता सोडून चिखलाच्या पाणंदीला लागले.

"आज्जा, वहिनी तिकडं हाय!"

"तिकडं मागनं जाऊ. आधी हितं. अर्थ सांगायला तू पायजेस."

कौलारू घरात खाटेवर एक म्हातारा पडला होता. धाप लागलेली, अंगात काही उरलेलं नाही. नाक मात्र हुबेहूब आज्जांचं. अप्पांचा सख्खा धाकटा भाऊ, रवळू. खानापूरच्या घरात त्याचं नाव निघत नसे.

अप्पा खाटेच्या कडेला टेकले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"तु एम फेर क्वा?"

रवळूनं तेजस्वीकडं पाहिलं. "काय म्हणतोय गं ह्यो? डोस्कं फिरलं काय?"

"तुम्हाला काय करायला आवडतं, विचारतायत."

रवळूनं मोकळ्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर वाजवली.

"ह्येच्या अभंगामागं मृदंग वाजवायला," तो म्हणाला. "सांग त्येला."

अप्पा ढसाढसा रडले. पण तोंडातून पुन्हा पुन्हा तेवढंच येत होतं, "तु एम फेर क्वा... तु एम फेर क्वा..."

"आज्जा, आता मराठीत बोला की!"

अप्पांनी नुसती नकाराची मान हलवली.

वडिलांच्या मातीला रवळू पोचला नाही, म्हणून अप्पांनी यल्लम्माचा भंडारा उचलून शपथ घेतली होती. ओढ्याला पूर होता, हे मागाहून कळलं. पण देवीपुढचा शब्द मोडायचा कसा? म्हणून मायबाप, रागाच्या भरात कधी भंडाऱ्याकडं हात गेला, तर आमच्या भरमूअप्पांची आठवण ठेवा. "ह्याच्याशी मराठीत बोलणार न्हाय, कन्नडात न्हाय, हिंदीत न्हाय," एवढंच ते म्हणाले होते.