घुमीला दिलेला शब्द

सोमवारी बायको वारली आणि गुरुवारी घड्याळवाले आजोबा नेहमीसारखे शाळेत हजर झाले. दारातल्या वहीत सही केली, ‘स्वयंसेवक’ लिहिलेला बिल्ला खिशाला लावला. वर्गाच्या बाई लगबगीने आल्या.

“आजोबा, आज नसता आलात तरी चाललं असतं हो. पोरीला मी काहीच सांगितलेलं नाही.”

“गुरुवार आहे ना,” आजोबा म्हणाले.

घरी बसून तरी काय दिवे लावणार होते? रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाला वार तेवढा कळत होता.

वाचनाच्या खोलीत दुसरीतली ती मुलगी आधीच येऊन बसली होती. आजोबा समोरच्या बुटक्या खुर्चीत कसेबसे मावले. गुडघे हनुवटीला टेकायचेच काय ते बाकी होते.

वर्षभर दर गुरुवारी अर्धा तास ती त्यांच्यापाशी वाचायची, तेही ओठातल्या ओठात. वर्गात तर तोंडाला कुलूपच. आजोबांच्या बायकोने न बघताच तिचं नाव ‘घुमी’ ठेवलं होतं. “वाचता की दोघं मिळून मौनव्रत पाळता?” असं ती नवऱ्याला चिडवायची. गेल्या गुरुवारी तिनेच निरोप पाठवला होता: घुमीला सांगा, वर्गात एकदा हात वर करून बोल, मग मी स्वतः येते तुला भेटायला.

आज मुलीने पुस्तक उघडलंच नाही.

“मी हात वर केला,” ती म्हणाली. चांगलं खणखणीत. “काल. बाईंनी विचारलं, मी उत्तर दिलं. चुकलं, पण दिलं.”

“शाब्बास,” आजोबांच्या तोंडून निघालं. दुसरंच कुणी बोलल्यासारखं त्यांना वाटलं.

“मग आजी कधी येणार?”

आजोबांनी पुस्तक उघडलं. खुणेची पट्टी जागच्या जागी होती, तरी पान सापडेना. खरं सांगावं तर पोर पुन्हा मिटणार. खोटं सांगावं तर पुढचा गुरुवार येणारच होता. शेजारच्या वर्गात कुणीतरी बाक ओढत होतं. आजोबा तेच ऐकत बसले.

मुलीने थोडी वाट पाहिली. आजोबांना ऐकू आलं नसेल, असं तिला वाटलं असावं. तिने पुस्तक बाजूला सारलं, ताठ बसली आणि हात वर केला. चांगला उंच, दंड कानाला चिकटवून. तो तिने खाली घेतला नाही.