पहिल्या अंतऱ्यापुढे

विनयाच्या आईच्या आवाजाची एकच तबकडी होती आणि वाजवताना दरवेळी तिच्यावरचा थर थोडा झिजायचा. म्हणून बाबांचा नियम होता: वर्षातून एकदा, आईच्या वाढदिवसाला लावायची आणि पहिला अंतरा संपला की सुई उचलायची. पुढचं गाणं चाळीस वर्षांत कुणी ऐकलंच नव्हतं. यंदा बाबा नव्हते. विनयाने मयूर विहारच्या रस्त्यावरची धूळ नको म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. तिच्या मुलाने रेकॉर्डर जोडला. अंतरा संपला. सवयीने उठलेला हात तिने मांडीखाली दाबून धरला. सुई पुढे सरकताच खरखर थांबली आणि आईचा आवाज लख्ख झाला. गाणं संपल्यावर तबकडीतली आई हसून म्हणाली, "आता लावा की परत, मलाही ऐकू द्या." "आई, कॉपी झाली, आता बिल्कुल लावू नकोस," मुलगा म्हणाला. विनयाने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.