रेषेबाहेर

डॉक्टर बोंद्रे शरयूच्या मानेमागचा डाग तपासत होत्या. तिचा नवरा हेरंब शेजारी बसला होता.

"हा कधीपासून वाढतोय?"

"मला कुठे दिसतंय मागचं," शरयू म्हणाली. "यांना विचारा. रोज मंगळसूत्राचा हूक हेच लावून देतात."

लग्न झालं तेव्हा तिथे मसुराएवढा तीळ होता. हेरंबला तो आवडला नव्हता. सगळेच करायचे तसं त्याने डोळ्यांतल्या स्मार्ट लेन्सचं, नकोसं ते झाकणारं फिल्टर उघडलं, बोटाने तिळाभोवती रेषा काढली आणि तिच्यावरचे बिंदू ओढून ओढून रेषेला हवा तसा बाक दिला. पुन्हा कटकट नको म्हणून आकार जरा ऐसपैसच ठेवला. आत नितळ कातडी भरली गेली. तेव्हापासून त्याला तिथे तेवढंच दिसत होतं.

गेल्या सोमवारी हूक लावताना त्या आकाराच्या बाहेर आलेली काळी किनार त्याला दिसली.

"गेल्या आठवड्यात लक्षात आलं," तो म्हणाला.

"एवढा मोठा झाल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

शरयूने केस मागे मोकळे सोडले.

"यांची नजर फार बारीक आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "दिसल्या दिसल्या मला इथे घेऊन आले."