धडा सातवा : दवाखान्यात

परदेशातल्या एका शाळेने इंग्रजी शिकवायला बोलावताना तिला विचारलं, "महिन्याच्या पगारावर येता की तासांवर?" तासाचे पैसे जास्त, म्हणून तिने बेधडक तास घेतले.
"अगं, पगारात आजारपणाची रजा तरी मिळते," नवरा म्हणाला होता.
"मला काय धाड भरलीये!"

आज अंगात सणसणून ताप होता. पण तास बुडाला की पैसे बुडाले, म्हणून ती फळ्याला टेकून इंग्रजी शिकवत होती. धडा नेमका दवाखान्याचा. बाई पेशंट, अख्खा वर्ग डॉक्टर.
"तुम्हाला ताप आहे. ताबडतोब घरी जा आणि झोपून राहा," बत्तीस पोरं एका सुरात, पहिल्यांदाच बिनचूक बोलली.

"हो डॉक्टर, लगेच जाते," पुस्तकातलं उत्तर तिने वाचलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "शाब्बास! आता पुन्हा पहिल्यापासून."