दोन ओळींचा खुलासा

राजवाड्यातलं सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा राजेसाहेबांनी त्र्यंबकमास्तरांना बाजूला बोलावलं. राजेसाहेबांविरुद्धचं प्रजापरिषदेचं ते गाजलेलं पत्रक मास्तरांनीच लिहिलं होतं, आणि आता संस्थानाच्या नव्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते.

"पटकीच्या साथीत आम्ही वाड्याच्या विहिरीला कुलूप लावून प्रजेला तहानेनं मारलं, असं तुम्ही लिहिलंत," राजेसाहेब म्हणाले. "पाणी दूषित होतं, डॉक्टरांनीच ते बंद करायला सांगितलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मास्तरांना ठाऊक होतं. डॉक्टर बोलले तेव्हा आरोग्य समितीचे सभासद म्हणून ते समोरच बसले होते. पण हक्कांच्या भाषणांनी कुणी हलत नव्हतं, आणि कुलपाच्या त्या एका वाक्यानं बाजारपेठ बंद पडली, वकील-शिक्षक रस्त्यावर आले, राजाला माघार घ्यावी लागली.

"हो, सरकार," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

"राज्य जायचंच होतं, त्याचं काही नाही. पण आमच्या सूनबाई माहेरी गेल्या, तर तिथेही बायका विहिरीचंच विचारतात. खरं काय ते दोन ओळींत छापा."

"छापतो," मास्तर मनापासून म्हणाले.

त्यांनी मजकूर लिहिलाही. पण निवडणूक आली, मग दुसरी आली, आणि कागद टेबलाच्या खणातच राहिला. सहा वर्षांनी राजेसाहेब वारले. शोकसभेत अध्यक्ष म्हणून मास्तर अर्धा तास बोलले, ऐकणाऱ्यांचे डोळे ओले झाले. पहिल्या रांगेतल्या सूनबाई शेवटपर्यंत त्यांच्याकडे बघत होत्या. विहिरीबद्दल मास्तर काही बोलले नाहीत.